मत्तयात एक आजोबा, लूकात दुसरेच. येशू खरंच होऊन गेला का? (जरा लांबलंय)

मिरज_जंक्शन

नमस्कार मंडळी. एवढं मोठं पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या. आधीच सांगतो, मी ख्रिश्चन आहे, चौथी पिढी. पणजोबा मिरजेत मिशन हॉस्पिटलात ड्रेसर होते, आज्जी तिथंच नर्स. त्यामुळं कुणी धर्मांतर, गव्हाची पोती वगैरे काढलं तर मी उत्तर देणार नाही, विषय तो नाही.

विषय असाय की मी कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहे आणि रविवारी संडे स्कूलची सहावी सातवीची पोरं माझ्याकडं असतात. नाताळच्या आधी त्यांना जन्माची गोष्ट घरनं वाचून यायला सांगितलं. बाकीच्यांनी काय वाचलं नव्हतं. एक पोरगं मात्र वहीच्या मधोमध पट्टीनं रेघ मारून दोन रकाने पाडून आलं, डावीकडं मत्तय उजवीकडं लूक, बायबलात येशूची गोष्ट सांगणारी ही दोन पुस्तकं. आणि विचारतंय, सर, येशूचा बाप योसेफ, त्याच्या बापाचं नाव इथं याकोब आणि इथं एली, मग आजोबा दोन कसे? मी आपलं ऐकलेलं ठोकून दिलं, एक वंशावळ मरियेकडची, म्हणजे येशूच्या आईकडची असंल. पोरगं म्हणतंय, पण सर दोन्हीकडं योसेफच लिहिलंय की. मग म्हणलं पुढच्या रविवारी सांगतो. असे तीन पुढचे रविवार गेले.

तेवढ्यात मी रात्री मोबाइलवर शोधायला बसलो ती चूकच झाली. एक व्हिडिओ सांगतो येशू नावाचा माणूसच झाला नाही, सगळं रोमन लोकांनी रचलं. दुसरा सांगतो सगळं अक्षर न् अक्षर खरंय, शंका घेणारा सैतानाच्या नादी लागला. तिसरा काश्मीरला घेऊन जातो. आमच्या कामात दोन रीडिंग जुळली नाहीत की लॉट होल्डवर टाकायचा, सही करायची नाही. आता हा लॉट होल्डवर टाकू का? घरात बोलायची सोय नाही, आई रोज दिवेलागणीला शुभवर्तमान वाचते, तिच्यापुढं काय बोलणार. पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले प्रार्थना कर. करतोय. पण पोराला काय सांगू?

इस्लामपूरकर

भावा स्पष्ट बोलतो, राग नको मानू. सगळी कॉपी आहे. रोमन लोकांचा मिथ्र देव बघ, इजिप्तचा होरस बघ, २५ डिसेंबर, कुमारी माता, बारा शिष्य, तिसऱ्या दिवशी जिवंत, सगळं आधीपासून होतं. ३२५ साली निकिया गावात रोमन बादशहा कॉन्स्टंटाइननं धर्मगुरूंची मीटिंग घेतली आणि कुठली पुस्तकं ठेवायची कुठली जाळायची ठरवलं. त्या काळातल्या एकाही माणसानं येशूचं नाव लिहिलेलं नाही. मी आपल्याकडचंही काय मानत नाही, म्हणजे तुझ्याच धर्मावर घसरलोय असं समजू नको.

गणपतीपेठ

सांगलीत राहून तुम्हाला माहीत नाही का, बाबाराव सावरकर आपल्या सांगलीतच वारले, १९४५ ला. त्यांनी ख्रिस्तावर अख्खं पुस्तक लिहिलंय, ते गेल्यावर १९४६ ला निघालं. त्यात ख्रिस्त मूळचा तमिळ हिंदू होता असं मांडलंय. आणि काश्मीरला श्रीनगरात त्याची कबर आहे, रोझाबल म्हणतात. लडाखच्या मठात पोथीपण सापडली होती. ख्रिश्चनिटी म्हणजे कृष्णनीती, नावातच कळतं. विचार करा.

जतचा_पाहुणा

मला बायबलमधलं काय कळत नाही पण आजोबा दोन यावरनं एक सांगतो. आमच्याकडं हेळवी येतो, बैल घेऊन, दारात बसून घराण्याची वंशावळ घडाघडा म्हणतो. त्याच्या वहीत माझ्या पणजोबाचं नाव रामगोंडा. तलाठ्याच्या जुन्या फेरफारात बाळगोंडा. चुलता म्हणतो दोन्ही चूक, त्यांना सगळे आण्णाप्पाच म्हणायचे. म्हणून काय पणजोबा झालेच नाहीत होय? जमीन आहे की, भाऊबंदकीची केसपण चालू आहे अजून.

बखरवाला_मास्तर

जतच्या पाहुण्यांनी निम्मं काम केलंच आहे. मी बत्तीस वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवला, आता वाईत घरी असतो. हिंदू आहे, देवधर्म बेताचाच, संकष्टीला उपास बायको करते आणि खिचडी मी खातो. म्हणजे या भांडणात माझं काही अडकलेलं नाही.

आधी इस्लामपूरकर. तुमची यादी त्याच व्हिडिओतली आहे जो मलाही तीन जणांनी पाठवला. मिथ्र कुमारी मातेच्या पोटी जन्मला नाही, तो खडकातून बाहेर येतो, तशी दगडात कोरलेली शिल्पंच आहेत. होरसची आई इसिस ही ओसिरिसची बायको, मेलेल्या नवऱ्यापासून तिला दिवस जातात, कुमारी कसली. आणि २५ डिसेंबर बायबलात कुठंच नाही, ही तारीख चौथ्या शतकातल्या रोमच्या कॅलेंडरात पहिल्यांदा दिसते, तेव्हा ती खोटी निघाली म्हणून येशूचं काही बिघडत नाही. निकियाला भांडण होतं ते एरियस नावाच्या धर्मगुरूशी, पुत्र पित्याच्या बरोबरीचा की निर्माण केलेला, यावर. पुस्तकांची निवड तिथं झालीच नाही. आज नव्या करारात आहेत तीच सत्तावीस पुस्तकं नेमकी सांगणारी सगळ्यात जुनी यादी ३६७ सालची, अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसच्या पत्रातली. श्रद्धाळू माणूस पाळकाचं ऐकतो आणि अश्रद्ध माणूस व्हिडिओवाल्याचं, मूळ कागद बघायला कुणालाच नको.

गणपतीपेठ, बाबारावांबद्दल आदर आहे, त्यांनी अंदमान भोगलंय, पण त्या पुस्तकाला पहिल्या शतकातल्या एका चिठोऱ्याचाही आधार नाही. लडाखची पोथी नोतोविच नावाच्या रशियनानं १८९४ ला छापली. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या कॉलेजातला एक प्रोफेसर मुद्दाम हेमिसच्या मठात गेला, मुख्य लामाला सगळं वाचून दाखवलं, तर लामा म्हणाले असली पोथी नाही आणि असला पाहुणा आलाच नव्हता. रोझाबलची गोष्ट मिर्झा गुलाम अहमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी मांडली. आणि कृष्णनीतीचं म्हणाल तर 'ख्रिस्तोस' हा ग्रीक शब्द आहे, अर्थ अभिषिक्त, डोक्यावर तेल ओतलेला. नावं जुळवून इतिहास होत असता तर उद्या आमची वाई हवाईला जोडाल.

आता मिरजकर, तुमचा प्रश्न. आम्ही वर्गात एक गोष्ट पहिल्यांदा शिकवायचो, बखर वेगळी आणि अस्सल कागद वेगळा. इतिहासकार राजवाड्यांना जुन्या कागदांचं पहिलं मोठं घबाड आमच्या वाईतच मिळालं, त्यावर १८९८ ला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, आणि त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींच्या चुका चारचौघांत उघड्या पाडल्या. पण बखर म्हणजे निव्वळ थाप असं नव्हे. सभासदाची बखर शिवाजी महाराज गेल्यावर पंधरा सतरा वर्षांत लिहिली, चिटणिसांची साताऱ्याच्या दरबारात सव्वाशेच्या वर वर्षांनी. दोन्ही वाचायच्या, पण वजन वेगळं द्यायचं. महाराजांचं जन्मसाल बखरींनी १६२७ दिलं, जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या तारीखवार नोंदींत, १६३० निघालं. आपण तारीख दुरुस्त केली, महाराज झालेच नाहीत असं कुणी म्हणालं नाही.

तुमची चार शुभवर्तमानं बखरीच्या जातीची. येशूला क्रूसावर दिलं इसवी ३० च्या आसपास. मार्क लिहिला गेला साधारण ७० ला, म्हणजे रोमन फौजेनं यरुशलेमचं मंदिर पाडलं त्या सुमाराला. मत्तय आणि लूक त्यानंतर दहा पंधरा वर्षांनी, दोघांच्याही पुढ्यात मार्क होता, वाक्यंच्या वाक्यं उचललीत. योहान शतकाच्या शेवटी. मूळ लेखकांनी मजकुरात आपलं नाव घातलेलं नाही, मत्तय, मार्क ही नावं दुसऱ्या शतकात चिकटली. हे सगळं चर्चवालेच विद्वान सांगतात, नास्तिकांनी काढलेलं नाही.

आणि अस्सल कागद म्हणजे पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाची पत्रं. तेरा त्याच्या नावावर, त्यातली सात त्याचीच याबद्दल वाद नाही. इसवी ५० ते ६० मधली, म्हणजे मार्काच्याही आधीची. गलतीकरांस पत्र एकदा बखर म्हणून नाही, टपालातनं आलेलं पत्र म्हणून वाचा. माणूस चिडलाय. तो सांगतो, मी यरुशलेमला जाऊन केफाकडं म्हणजे येशूचा पट्टशिष्य पेत्र याच्याकडं पंधरा दिवस राहिलो, आणि दुसरा कुणी प्रेषित भेटला नाही, फक्त प्रभूचा म्हणजे येशूचा भाऊ याकोब (आजोबा याकोब वेगळा). वर शपथ घेतो की खोटं सांगत नाही. मग पुढं अंत्युखियातलं भांडण काढतो, आणि ते भांडण कशावरनं तर पंगतीवरनं! पेत्र आधी यहुदी नसलेल्यांच्या पंगतीला बसून जेवायचा, याकोबाकडची माणसं आली तसा उठला, हळूच बाजूला झाला. पौलानं सगळ्यांसमोर त्याला धरलं. ज्याच्या गावात पंगतीभेद झालाय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. धर्म रचणारा माणूस आपल्याच दोन थोरांचं असलं उष्टं भांडण कशाला रचेल? आणि जो माणूस झालाच नाही त्याच्या भावाला भेटून कसं येईल?

बाहेरचा पुरावाही आहे. याच याकोबाला इसवी ६२ ला दगडमार करून मारलं हे जोसेफस हा यहुदी इतिहासकार ९३-९४ च्या सुमाराला लिहितो, ओळख करून देतो ती ख्रिस्त म्हणवल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ अशी. (त्याच्याच ग्रंथात येशूवर दुसरा एक उतारा आहे, त्यात मात्र नंतर कुणा ख्रिस्ती नकलनविसानं भर घातलीये, ती वाचताना कळते.) टॅसिटस हा रोमन, ख्रिस्ती लोकांचा त्याला तिटकारा, तोही ११६ च्या सुमाराला लिहितो की पिलात या रोमन सुभेदारानं त्याला मृत्युदंड दिला. पिलाताच्या नावाचा दगड १९६१ ला कैसरियात सापडला.

तुमच्या पोराचे रकाने बरोबर आहेत. आणखी खाली जाऊ दे त्याला. मत्तयात वंश दावीद राजाच्या पोरातल्या शलमोनाकडनं येतो, लूकात नाथानाकडनं, म्हणजे फाटा आजोबांच्या कितीतरी आधीच फुटलाय. मत्तय चौदा-चौदा-चौदा पिढ्या मोजतो, आणि ते चौदा बसवायला मधले तीन राजे गाळतो. चौदाच का, तर हिब्रूत दावीद नावाच्या अक्षरांची बेरीज चौदा होते असं बरेच अभ्यासक म्हणतात. म्हणजे हा जन्मदाखला नाही हो, हा दावीदाचाच वारस आहे असं ठासून सांगणं आहे. तेच बेथलेहेमचं, ते दावीदाचं गाव. मत्तयात हे घरच बेथलेहेमला, मग मिसर म्हणजे इजिप्त, मग नासरेथ. लूकात घर नासरेथला, नावनिशीसाठी, म्हणजे सरकारी शिरगणतीसाठी, बेथलेहेम. त्यात मत्तयाचा हेरोद राजा इसवी सनाआधी ४ ला मेला आणि लूकाची क्विरीनिय या रोमन सुभेदाराची नावनिशी इसवी ६ ची, निदान नऊ वर्षांचं अंतर. ही रीडिंग जुळत नाहीत, जुळवू नका. पण गंमत बघा, दोघांना नासरेथ टाळता आलं नाही. अख्खा माणूसच रचायचा होता तर सरळ बेथलेहेमकर लिहून मोकळं व्हायचं, एवढी ओढाताण कशाला? माणूस नासरेथचा हे सगळ्यांना माहीत होतं म्हणून.

इस्लामपूरकर

मास्तर, मिथ्र होरसचं बघतो परत, मान्य, मी तपासलं नव्हतं. पण पौलानं स्वतः येशूला जिवंतपणी बघितलेलं नाही ना? त्याला दिसला तो प्रकाशात का दृष्टांतात. त्याच्यावर एवढा भरवसा? आणि माणूस होऊन गेला हे धरून चाललं तरी मेलेला उठला हे त्यातनं निघत नाही.

बखरवाला_मास्तर

निघत नाहीच. मी कुठं म्हणालो? पौलानं येशूला पाहिलं नव्हतं, पण त्याच्या भावाला आणि पट्टशिष्याला पाहिलं होतं, इतिहासाच्या हिशेबात हे फार जवळचं आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो सांगतो की मला जे मिळालं तेच तुम्हाला दिलं, तो मेला, पुरला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला दिसला, मग बारा जणांना. म्हणजे हे पौलाच्याही आधीचं, क्रूसानंतर थोड्याच वर्षांत लोकांच्या तोंडी बसलेलं. तेव्हा तीनशे वर्षांनी कुणी बादशहानं रचलं हे बाद. ती माणसं तसं मनापासून मानत होती इथपर्यंत कागद नेतो, त्यांना नेमकं काय दिसलं त्याच्या पुढं कागद थांबतो. कोर्टाचा कारकून साक्ष लिहून घेतो, निकाल देत नाही. बार्ट अर्मन नावाचा अमेरिकन प्राध्यापक आहे, स्वतः विश्वास सोडलेला, तोही येशू झालाच नाही म्हणणाऱ्यांवर वैतागून २०१२ ला पुस्तक लिहून बसला.

गणपतीपेठ

हे सगळं पाश्चात्य विद्वानांचं. त्यांचं खरं आणि आपल्या माणसाचं खोटं, वा.

जतचा_पाहुणा

अहो येशू पण पाश्चात्य नाही की, तो तिकडं आशियातलाच 😄

स्टाफनर्स_मावशी

बाळा मिरजकर, तुझी आज्जी बहुतेक माझ्या ओळखीची निघंल, नाव नको लिहू इथं. मी छत्तीस वर्षं वॉर्डात काढली, आता रिटायर आहे, गुडघे गेलेत. मास्तरांचं सगळं वाचलं, दोनदा वाचलं. मला काय त्याची भीती वाटली नाही. तुला वाटती ते समजतं, माझी श्रद्धापण एकदा गेली होती.

नाइट ड्युटीत वाचायची सवय होती मला. एकदा मार्क सोळावा वाचताना खाली बारीक टीप बघितली, नववी ओवी ते विसावी सगळ्यात जुन्या प्रतींत नाहीत म्हणून. मग आठव्यापाशी थांबले. तिथं काय आहे तर बायका कबरीपाशी जातात, आत तरुण बसलेला दिसतो, तो सांगतो उठलाय, जाऊन सांगा. आणि त्या पळत सुटतात, कापत होत्या, भ्यायल्या होत्या म्हणून कुणाला काय बोलल्या नाहीत. संपलं. मी पुस्तक मिटलं, तीन वाजले होते, समोर चौदा नंबरचा पेशंट जागा. मला आधी रागच आला, एवढंच? पण मग वाटलं, हे कुणीतरी बघितलेलं लिहिल्यासारखं आहे. मयत झाल्यावर बायका तशाच वागतात, मी बघितल्यात की, ज्यांनी रात्रभर उशाशी बसून काढलेलं असतं त्याच बाहेर व्हरांड्यात येऊन एक शब्द बोलत नाहीत. आणि त्या वेळी बाईच्या साक्षीला कोण विचारत होतं? खोटं सांगायचं असतं तर पेत्राला पुढं उभा केला असता. हा पुरावा नाही हे मला कळतं, मास्तर हसू नका. मला पटलं एवढंच.

आणि आईपुढं बोलायचं नाही असं का ठरवलंस? आपल्यात नारायण वामन टिळकांची गाणी म्हणतो, तो माणूस तुकोबांच्या पुलावरनं ख्रिस्ताकडं आलो म्हणायचा, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, घरात केवढं रामायण झालं, त्यांची बायको लक्ष्मीबाई किती वर्षं वेगळ्या राहिल्या. पण गप्प कुणीच बसलं नाही त्या घरात. तुझी आई एवढी रोज वाचती, तिला दोन आजोबा कधी दिसले नसतील असं वाटतं तुला?

बखरवाला_मास्तर

मावशी, हसत नाही. ती टीप खरी आहे, चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन सगळ्यात जुन्या पूर्ण प्रतींत मार्क आठव्या ओवीलाच संपतो. आणि स्त्रियांच्या साक्षीचा मुद्दा मोठमोठे अभ्यासकही मांडतात, तुम्ही व्हरांड्यातनं मांडलात.

मिरज_जंक्शन

उशिरा लिहितोय, सेकंड शिफ्ट होती आठवडाभर. सगळ्यांना थँक्यू, गणपतीपेठ तुम्हालापण.

आईला विचारलं. भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, तुझे आजोबा पण हेच विचारायचे, पाळक घरी आले की मुद्दाम विचारायचे. मग म्हणाली एकाच्या दोन वह्या असत्यात, मला काय त्याचं, आणि मेथीच्या काड्या बाजूला कर. म्हणजे इतकी वर्षं घरात हा प्रश्न होता आणि मी मोबाइलवर हुडकत बसलो.

गलतीकर पत्र एका बैठकीत वाचलं, बसमध्ये, कुपवाड फाटा ते घर. पंगतीचं भांडण आधी कितीदा ऐकलं असंल प्रवचनात पण दरवेळी 'ढोंगीपणा टाळा' असलं काहीतरी त्यावर सांगून पुढं जातात, भांडण म्हणून कधी ऐकलंच नव्हतं. लॉट मी पूर्ण पास केलेला नाही, खोटं कशाला बोलू, जन्माच्या गोष्टी होल्डवरच आहेत. नासरेथ आणि क्रूस पास.

रविवारी पोराला सांगितलं, दोघांनी वेगवेगळं लिहिलंय, ते जुळत नाही, मरियेचं मी तुला जे सांगितलं ते न वाचता सांगितलं होतं. मागच्या बाकावरची पोरं एकदम गप्प झाली. तो काय बोलला नाही, वहीत तिसरी रेघ मारली आणि वर मार्क लिहिलं, मग पहिला अध्याय उघडून बसला, बोट फिरवत. थोड्या वेळानं म्हणतो, सर, ह्याच्यात जन्मच नाही, डायरेक्ट नदीवरच येतो, रकाना रिकामा सोडू का? म्हणलं सोड. चौथा योहानाचा पाडायचाय, पण पान संपलं होतं, आता नवीन वही आणतो म्हणलाय.